साठ सदरे, एक दाखला

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन उरकून घरी आले तर ओट्यावर बिभीषण मुकादम बसलेले. आई आणि नाना, म्हणजे माझे वडील, दरसाल ज्यांच्या टोळीतून ऊस तोडायला जातात ते मुकादम. त्यांनी मला ही डायरी दिली. कुठल्या तरी ट्रॅक्टर दुकानाची आहे, वर्षही मागचं आहे, पण पानं कोरी आहेत. म्हणाले, "धंदा करनाऱ्यानं रोज लिहून ठिवावं, दिशा." मला आजवर कुणी धंदा करणारी म्हटलं नव्हतं. घरात माझी पदवी आडमुठी अशी आहे.

धंदा असा. टोळीतल्या बाया उसात शिरताना साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवतात, कारण उसाचं पान हात कापून काढतं. नवऱ्याचा सदरा म्हणजे खांदे खाली लोंबणारे, बाह्या चार वेळा दुमडलेल्या आणि विटून विटून मूळ रंग कोणता हे नवऱ्यालाही आठवत नाही. मागच्या हंगामाहून आई आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे होते. म्हणून मी उन्हाळ्यात तिच्यासाठी एक सदरा शिवला. बाईच्या मापाचा, जाड कापडाचा, मनगटाला इलॅस्टिक, मानेला उभी पट्टी आणि छातीवर आतल्या अंगाने मोबाईलचा खिसा, त्याला झाकण. बचत गटातून आलेली पायमशीन दोन वर्षं घरात होती. तिच्यावर तात्या, म्हणजे माझे आजोबा, टोपी ठेवायचे.

मुकादमांनी तो सदरा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, दिवाळीच्या आत असे साठ पाहिजेत, कापड मी आणून देतो. आईने चहा दिला आणि एक शब्द बोलली नाही. आईला आनंद झाला की ती गप्प बसते, राग आला तरी गप्प बसते. आपण ओळखायचं.

२ सप्टेंबर, मंगळवार

कापड आलं. खाकीवर जाणारं, दणकट. ओसरीत रास लागली आहे आणि शेळ्या तिच्याकडे आशेने बघतात.

एक गोष्ट ध्यानात आली. सदऱ्याला सर्वांत जास्त वेळ खातात ती काजं. एका सदऱ्याला सात बटणं, सात काजं, आणि प्रत्येक काज हाताने भरायचं. साठ सदऱ्यांची चारशे वीस काजं. पाथर्डीत एका टेलरकडे काजाचं मशीन आहे, पण लग्नसराईचं काम घेऊन तो आत्ताच फुगलेला आहे. मी तीन दिवस विचार केला आणि तोड काढली. बटणंच नकोत. पुढून सलग कापड, गळ्यातून डोकं घालायचं. टी-शर्ट घालतात तसं. कुसळं आत जायला फटसुद्धा राहणार नाही. हे सुचल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "पुढून गुंड्या राहू दे."

"का?"

"राहू दे म्हन्ते ना."

"पण कारण सांग की."

नाना तिथेच विळ्याला मूठ बसवत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पीठ मळायला उठली. आईला नवं काही पचत नाही, हेच खरं. मिक्सर घेतला तेव्हाही वर्षभर पाट्यावरच वाटत होती.

११ सप्टेंबर, गुरुवार

या आठवड्यात कॉलेजला एकच दिवस गेले. आमचं ज्युनिअर कॉलेज शाळेतच आहे, त्यामुळे सगळे त्याला शाळाच म्हणतात. शोभा मॅडमनी वर्गाबाहेर थांबवलं. त्या आमच्या वर्गशिक्षिका, नगरहून येऊन-जाऊन करतात, त्यांच्या घरी आजोबांपासून सगळे मास्तर. म्हणाल्या, "दिशा, शिवण चांगलंच आहे. पण बोर्डाचा फॉर्म भरायचा आहे पुढच्या महिन्यात. हजेरी सांभाळ."

मी म्हटलं, "मॅडम, मी विचार करतेय की बारावी नाही दिली तरी चालेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुणाला चालेल?" एवढंच विचारलं.

पगारी माणसाला धंद्यातली घाई कळायची नाही. ऊस कुणाच्या वार्षिक परीक्षेसाठी थांबत नाही. तरी येताना एसटीत तो प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला आणि मी एक स्टॉप पुढे उतरले.

२८ सप्टेंबर, रविवार

आज गंमत झाली. मुकादमांनी काल सांगितलं होतं की त्यांची भावजय सदरे बघायला येणार आहे, तिच्या गावात शंभरेक बाया उसाला जातात. मी पहाटेच उठून पंचवीस सदरे इस्त्री करून रचले. तर आई म्हणते, शाळेचा ड्रेस घाल. रविवारी! मी म्हटलं, गिऱ्हाईक येतंय, नवा पंजाबी घालते. आईने नवा ड्रेस पाण्यात बुडवला. हो, खरंच. बादलीत दाबून धरला आणि म्हणाली, धुवायला झालाच हुता. मग काय, गणवेश. वरून म्हणे पुस्तक घेऊन बस.

बाई आली. अंगाने थोराड, बोलायला गोड. सदऱ्यांकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, उभी राहा जरा. उंची विचारली. जन्मतारीख विचारली. मी सांगितलं, १९ जानेवारीला अठरा पूर्ण. डोक्यावर किती वजन उचलतेस, तर मी म्हटलं, दोन हंडे आणि वर कळशी. मला वाटलं, कापडाचे गठ्ठे उचलायचं विचारते आहे. तात्या कोपऱ्यात तंबाखू मळता मळता खोकले.

निघताना तिने माझ्या गणवेशाकडे पाहून आईला विचारलं, "अजून जाती व्हय शाळंत?"

आई म्हणाली, "जाती की. नाव हाय तिचं."

एका क्षणी मनात शंका येऊन गेली. पण या बाईचा मुलगा, मुकादमांचा पुतण्या वाल्मिक काही बरोबर आला नव्हता, मग कसलं आलंय. बाई जरा व्यवहारशून्य निघाली, इतकंच. कापडाचा दर्जासुद्धा विचारला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बेचाळीस झाले. उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला आहे आणि मला तो आवडतो.

जयाताई तिचा सदरा न्यायला आली. ती शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होती. नववीत मला बीजगणित तिनेच शिकवलं. बारावीच्या वर्षी "एक हंगाम जाऊन येते" म्हणून गेली, तिकडेच लग्न ठरलं आणि परीक्षा राहिली. आता कडेवर चार महिन्यांची मुलगी आहे. सदरा तिने दोनदा उलटा करून पाहिला.

"गुंड्या?"

"नवी पद्धत आहे. गळ्यातून घालायचा."

ती हसली, पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "झकास शिवलाय गं. टीप लई सरळ हाय." मला तिची दया आली. इतकी हुशार मुलगी आणि कोयता घेऊन बसली. मी तसं होणार नाही. मी शाळा सोडेन ती मजुरीसाठी नाही, मालकीण होण्यासाठी. यात फरक आहे, आणि तो लोकांना दिसत नसेल तर मी दाखवून देईन.

आज ठरवलंच. फॉर्म भरायचा नाही. शाळा सोडल्याचा दाखला काढायचा. मुकादम म्हणतात पुढच्या हंगामाला पाचशे सदरे, दुसऱ्या टोळ्यांचे मुकादम त्यांचे सोबती आहेत. दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधे पडतो. मी अर्ज लिहिला, पालकाची सही म्हणून नानांनी केली. नाना सही करताना कागदाकडे बघत नाहीत, आढ्याकडे बघतात.

आई म्हणाली, "नाव काढू नको."

"कारण?"

भाकरी थापायला लागली. भाकरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

टोळी गेली. ट्रॉलीत चूल, पत्रे, कोंबड्या, पोरं आणि प्रत्येक बाईच्या गठुड्यात माझा सदरा. साठच्या साठ. ट्रॉली वळेपर्यंत मी मोजत होते की कुणी अंगात घातलाय. कुणीच नाही, पण घरापासून कोण घालणार.

आईने जाताना मला जवळ घेतलं नाही. तात्यांच्या गोळ्या, शेळ्यांचा पाला, पाण्याची पाळी सांगत राहिली. दरवर्षी असंच करते. मी दरवर्षी ठरवते की रडायचं नाही, आणि या वर्षी जमलं, कारण मशीनवर बसले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दाखल्याचा अर्ज सापडत नाही. इतिहासाच्या पुस्तकात ठेवला होता. पुस्तक आहे, अर्ज नाही. तात्या म्हणाले, शेळीने खाल्ला असेल, काळ्या शेळीला कागदाची चटक आहे, मागे त्यांचं रेशनकार्ड अर्धं तिनेच नेलं. मी काळ्या शेळीला दिवसभर बोलले. ती शांतपणे रवंथ करत होती. पुस्तक जसंच्या तसं ठेवून मधला एकच कागद खाणारी शेळी म्हणजे कमालच.

दुसरा अर्ज लिहायला दोन मिनिटं लागतील. पण सही नानांची पाहिजे. खोटी सही मी करणार नाही. धंद्याची सुरुवात खोट्या सहीने कोण करतं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

एकाही बाईची तक्रार नाही. मी आईला फोनवर विचारलं, सदरा कसा आहे? म्हणाली, "बरा हाय." आईच्या भाषेत बरा म्हणजे उत्तम.

मुकादम आले होते. टोळी जिथे उतरली आहे त्या तळावर आणि गावात ते येऊन-जाऊन असतात. पहिला प्रश्न, "दाखला काढला का?" मी शेळीचं सांगितलं. ते हसले, पण थोड्या वेळाने परत तेच विचारलं. म्हणाले, "फेब्रुवारीत मोकळी असलीस म्हंजी बरं." फेब्रुवारीत हंगाम संपत येतो, तेव्हा सदरे कोण घेणार, हे मला कळलं नाही. पण त्यांचा अनुभव दांडगा आहे, काही तरी योजना असेल.

३० नोव्हेंबर, रविवार

शोभा मॅडम स्कूटीवरून घरी आल्या. नगरपासून, सुट्टीच्या दिवशी. मला धक्काच बसला. तात्यांनी खाट झटकली.

फॉर्मची मुदत संपली होती, आता विलंबाने १५ डिसेंबरपर्यंत भरता येतो. त्यांनी सगळी माहिती भरून आणलेला कागद ठेवला. माझी सही तेवढी बाकी. मी मोठं भाषण तयार ठेवलं होतं, स्वावलंबन वगैरे. त्यांनी ते ऐकायच्या आधी सदरा मागितला. नमुन्याचा, बटणांचा, उन्हाळ्यातला माझ्याकडेच आहे, तो दाखवला. मग नव्या पद्धतीचा दाखवला. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, "हा तू कुणाला घालून बघितलास?"

"मी स्वतः."

"आणखी?"

मी म्हटलं, माप सगळ्यांचं घेतलं होतं. त्यांनी दोन्ही सदऱ्यांच्या घड्या घातल्या. चहा घेऊन गेल्या.

आज खरं लिहायचं तर लिहिते. मला भीती वाटते. शाळेची नाही, परीक्षेची नाही. आपण चुकीच्या गोष्टीसाठी हट्ट धरलाय की काय, याची. तात्यांना विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, "मला इचारू नको. तुझ्या आयला इचार, आन् फोनवर नको." ठीक आहे. पुढच्या रविवारी तळावर जाते. नानांची सही आणते, सदरे अंगात घातलेले डोळ्यांनी बघते, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

७ डिसेंबर, रविवार

पहाटेची एसटी, शेवगावला बदलून नेवाशाकडे, मग एका ऊसवाहू ट्रॅक्टरवर. तळ म्हणजे कॅनॉलच्या कडेला ओळीने उभ्या कोप्या, पाचटाच्या म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्या. तिथे म्हाताऱ्या आणि पोरं होती, बाकी सगळे फडात. पोरांनी मला फडापर्यंत नेलं.

पहिली जी बाई दिसली तिच्या अंगात माझा सदरा होता आणि तो गळ्यापासून खालपर्यंत उभा फाटलेला होता. मला वाटलं, कशात तरी अडकला असेल. दुसरी, तशीच. तिसरी, तशीच. एकीने फाटलेल्या दोन बाजू सुतळीने बांधल्या होत्या, एकीने बाभळीचा काटा टोचला होता. मी मोजायला लागले आणि अठराला थांबले. फाटलेलेही नव्हते ते. चीर सरळ होती. कोयत्याने कापले होते.

मला इतका राग आला की डोळ्यांपुढचा ऊस हलायला लागला. दोन महिने. शाळा बुडवून. अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत. आणि ह्यांनी कोयता लावला?

जयाताई बांधावर पाय पसरून बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आवडले नव्हते तर घ्यायचे नव्हते."

तिची मुलगी तिच्या मांडीवर होती, पदराखाली, फाटलेल्या सदऱ्याच्या आत, दूध पीत. शेजारी आणखी एक बाई तशीच बसलेली. पलीकडे तिसरी.

मी तिथेच बांधावर टेकले.

"पैल्या दिवशी पोरगी लई रडली," जयाताई म्हणाली. "सदरा डोक्यातून काढायचा म्हंजी आधी डोक्याचं फडकं काढा, पाचट झटका, हात मोकळं करा. तवर मुकादम हाक मारतोय. मंग मीच कोयता लावला. बाकीच्यांनी माझं बगून." मग म्हणाली, "कापड लई चिवट हाय गं. लवकर कापंना."

हे तिने माझं कौतुक म्हणून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ बायांची मापं घेतली मी. छाती, खांदा, बाही, उंची. किती जणींच्या कडेवर पोर आहे हे डोळ्यांसमोर असून पाहिलं नाही.

आई फडाच्या आतल्या सरीत होती. तिच्या अंगातला सदरा अखंड होता. मी पाहिलेल्यांतला एकटा अखंड. वरपर्यंत बंद, घामाने काळा पडलेला. मी म्हटलं, काढ. नको म्हणाली. मी ओरडले, काढ. तिने डोक्यातून ओढून काढला तेव्हा केसांत पाचट अडकलं आणि मानेवर, पाठीवर घामोळं उठलेलं दिसलं, लालभडक, खाजवून सोललेलं. दीड महिना ती त्या जाड कापडात भर दुपारी उकडत होती.

"तू का नाही कापलास?"

"तू शिवलेला," ती म्हणाली. जशी काही ही रोजची गोष्ट आहे.

"आणि मला आधी सांगायचं ना, बायांना पुढून उघडा लागतो ते."

"नानाम्होरं कसं सांगू? गुंड्या राहू दे म्हनले की."

म्हणाली होती. दोनदा.

मी तिच्या हातातला कोयता घेतला, सदरा उसाच्या मोळीवर ताणून धरला आणि गळ्यापासून खालपर्यंत चीर दिली. खरंच चिवट आहे कापड. आई बघत राहिली. खिशाजवळ आले तेव्हा म्हणाली, "हळू. आत कागद हाय."

झाकण उघडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. माझा दाखल्याचा अर्ज. तरीही घामाने शाई पसरलेली, नानांची सही निम्मी पुसलेली.

"वाचता येत न्हाई मला," आई म्हणाली. "पर तुज्या नानाची सही वळखती. तात्यास्नी म्हनावं, शेळीवर आळ घेतला त्याची माफी मागा शेळीची."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि मी रागावलेलीच होते. मी विचारलं, का? सगळं सांग. आता नाना नाहीत इथे.

मग आईने सांगितलं. मी जसंच्या तसं लिहून ठेवते.

"नवरा-बायकूचा मिळून एक कोयता धरत्यात. वाल्मिक एकटा हाय, म्हंजी अर्धा कोयता. मुकादमाला तो पुरा करायचाय. ती बाई सदरं बघाया आलती व्हय? कापडाच्या आडून त्यांनी तुला बगितली. तुजा नाना न्हाई म्हनंल असा मानूस न्हाई. मी काय म्हनू? शाळंत नाव हाय तवर मला तोंड हाय. कुनीबी आलं की म्हनते, पोरगी शिकतीया, पेपर हायती. त्यावर कुनी बोलत न्हाई. नाव निघालं की काय सांगू? धंदा करती म्हनू? ते म्हनतील, करू दे की, आमच्या घरी येऊन करंल."

फेब्रुवारीत मोकळी असलीस म्हणजे बरं. आत्ता कळलं, कशासाठी.

नाना पलीकडे मोळी बांधत होते. सही मागितली नाही. जाताना ते म्हणाले, "जातीस?" मी म्हटलं, "जाते." त्यांनी उसाचं एक कांडं सोलून हातात दिलं. एसटीत ते खात आले. गोड होतं, त्याचाही राग आला.

८ डिसेंबर, सोमवार

शोभा मॅडमच्या टेबलावर फॉर्म ठेवला, सही करून. त्यांनी सही तपासली. मीच म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, कुणाला चालेल. आईला चालणार नाही." त्या म्हणाल्या, "आणि तुला?" मी म्हटलं, मलाही नाही. हे बोलताना कळलं की खरंच नाही.

धंदा सोडलेला नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहिते: धंदा सोडलेला नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

जयाताईचा फोन आला. ती म्हणाली, काजं-गुंड्या नको करू, टिचबटन लाव. एका हातानं उघडतं, दुसऱ्या हातात लेकरू असतं. ही गोष्ट मला सात जन्म सुचली नसती. मी तिला म्हटलं, तू माझी भागीदार हो. ती हसली, मग हसायची थांबली आणि म्हणाली, "खरं म्हनती?" मी म्हटलं, खरं. पण तू बीजगणित पुन्हा काढ, बारावीला बाहेरून बसता येतं, मी मॅडमना विचारलंय. ती म्हणाली, आधी लेकरू निजू दे.

आता पट्ट्या शिवते आहे. टिचबटणं लावलेल्या लांब पट्ट्या, फाटलेल्या कडांना सुईदोऱ्याने जोडायच्या. साठ जोड्या. रोज कॉलेजहून आल्यावर पाच. पट्टीला बटण ठोकताना इंग्रजी निबंधाची वाक्यं म्हणते. तात्यांनाही दोन पाठ झाली आहेत.

१९ जानेवारी, सोमवार

आज अठरा पूर्ण. कॉलेजहून आले तर ओट्यावर मुकादम आणि त्यांची भावजय. हातात साडीचं पाकीट. तात्या एकटे, केविलवाणे.

मी गणवेशातच त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मामा, तुम्ही कापड आणून दिलंत, त्याचे उपकार विसरणार नाही. उरलेलं कापड घडी करून ठेवलंय, घेऊन जा. सदरे पुढेही शिवेन, टोळीतल्या बाया थेट मला सांगतील. परीक्षा १० फेब्रुवारीपासून आहे."

"आन् परीक्षा झाल्यावर?" बाईने विचारलं.

"मग पुढचा फॉर्म."

"आन् त्याच्यानंतर?"

"फॉर्म लई असत्यात, बाई," तात्या म्हणाले. तात्यांनी आयुष्यात एवढं धाडस केलं नसेल. पाहुणे गेल्यावर तंबाखूची डबी उघडता येईना त्यांना.

साडीचं पाकीट परत गेलं. कापडाचा गठ्ठाही गेला. ओसरी रिकामी दिसते. बघू. नवं कापड पाथर्डीहून मीच आणेन, थोडं थोडं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हॉल तिकीट मिळालं. फोटोत मी चोरासारखी दिसते. त्याची एक झेरॉक्स काढून लॅमिनेशन करून घेतली आणि शेवटच्या बारा पट्ट्यांबरोबर ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे दिली. सांगितलं, ही फक्त माझ्या आईच्या हातात द्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

इंग्रजीचा पेपर बरा गेला. आईच्या भाषेतला बरा.

बाहेर आले तर तिचाच फोन. फडातून. मागे कोयत्यांचे आवाज.

"लिहिलंस का समदं?"

"लिहिलं. तुला कार्ड मिळालं का?"

"मिळालं. सदऱ्याच्या खिशात ठिवलंय. तुजा अर्ज हुता तिथंच. काल मुकादम आलता, वाल्मिकची आय संगं. बोलाया लागली तर मी टिचबटन उघडलं आन् कार्ड काढून दावलं. पोरीचा फोटू हाय, सरकारचा शिक्का हाय. इंग्रजी म्हनं, वाचता कुनालाच आलं न्हाई. गप गेली."

मी म्हटलं, "आई, ते प्लॅस्टिक कडक आहे. कोयता मारताना टोचत असेल. काढून ठेव, घरी ठेवू आपण."

"टोचतंय की," आई म्हणाली. "टोचू दे."

परवा मराठीचा पेपर. त्याआधी तीन सदरे बेतायचे आहेत, जयाताईच्या बहिणीचा निरोप आलाय.